पाळण्यातले नाव, सहीचे नाव



माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्याजवळ काहीच नसते. अंगावर कपडासुद्धा नसतो. त्याला जी पहिली वस्तू मिळते, ती म्हणजे त्याचे नाव. पुढे घर पडते, बैल विकला जातो, दागिना मोडावा लागतो. नाव मात्र शेवटपर्यंत जवळ राहते.

पण एक गंमत पाहा. ज्याचे नाव, त्यालाच ते ठेवताना कोणी विचारीत नाही. विचारणार तरी कसे? तो तर पाळण्यात झोपलेला! म्हणून नाव ठेवणाऱ्यांनी दोन माणसांचा विचार करायचा असतो. एक आज पाळण्यात असलेले बाळ, आणि दुसरा त्याच बाळाचा उद्या होणारा मोठा माणूस. हा विचार कसा करावा, ते या धड्यात पाहू.

१. सही न शिकणाऱ्या बाई

मी सातारा जिल्ह्यातला. सारी नोकरी प्राथमिक शाळेत केली. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतो. आता साठी ओलांडली. गावात रात्रीचा साक्षरता वर्ग घेतो. शेतकरी येतात, मजूर येतात, चहाच्या गाडीवरचे मामा येतात, घरचे आवरून आयाबाया येतात.

आमच्या वर्गात सहीचे काम सर्वांत आधी. अंगठ्याला शाई लावायची ती शेवटची, असे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवतो. मागच्या वर्षी महिनाभरात सगळे सही शिकले. एक बाई तेवढ्या शिकेनात. वर्गातले सगळे त्यांना आक्का म्हणतात. मीही इथे तेच म्हणतो. वय पन्नासच्या घरात.

आक्का मंद होत्या असे नव्हे. अक्षरे भराभर ओळखायच्या. 'घर', 'नदी', 'बाजरी' असे शब्द पाटीवर छान लिहायच्या. पण सहीची वही पुढे केली की पेन्सिल खाली ठेवायच्या. मी विचारले तर म्हणायच्या, "अंगठा बरा हाय, गुरुजी."

एके दिवशी आक्का वर्गात उशिरा आल्या. हातात पेढ्यांचा पुडा होता. बाळंतपणाला आलेल्या लेकीला मुलगी झाली होती. सगळ्यांना पेढा देऊन झाला. मग त्या माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "गुरुजी, बाराव्या दिवशी बारसं हाय. नाव सुचवा. पण असं सुचवा, की म्हातारी झाली तरी तिला लाज वाटू नये."

"नावाची लाज का वाटेल?" मी विचारले.

आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हजेरीत माझं नाव काय हाय, ते वाचा की एकदा."

मी रोज 'आक्का' म्हणूनच हजेरी घेत होतो. आता पान उलटून पाहिले. आधार कार्डावरून उतरून घेतलेले नाव होते, नकुशा. नकुशा म्हणजे नको असलेली.

"हे नाव तुमच्याच हातानं लिवलंय, गुरुजी," आक्का म्हणाल्या. "पहिलीला तुमच्याच शाळंत व्हते. दुसरीत शेरडांमागं गेले."

मी गप्प झालो. मग आठवले. १९८१ सालचा जून महिना. मी तेवीस वर्षांचा, नोकरीत नवा. वाड्यावस्त्यांवरचे आईबाप मुले घेऊन शाळेत येत. जन्मतारीख बहुतेकांना ठाऊक नसे. आम्ही मास्तर लोक '१ जून' लिहून मोकळे होत असू. सांगतील ते नाव, बसेल ती तारीख. तीन मुलींवर झालेली ही चौथी. बाप म्हणाला, 'नकुशा'. मी पेनचे टोपण काढले आणि दाखल-खारीज रजिस्टरात तसेच लिहिले.

त्या वेळी मी दोन मिनिटे थांबलो असतो तर? "भाऊ, दुसरे चांगले नाव सांगा. हे पोरीला जन्मभर पुरणार आहे," एवढेच म्हणालो असतो तर? बाप कदाचित हसला असता आणि दुसरे नाव सांगून गेला असता. पण मी म्हणालो नाही. ती चूक माझी. म्हणून हा धडा लिहायला घेतला.

२. अशी नावे का ठेवीत?

आपल्याकडे मुद्दाम वाईट नाव ठेवण्याची चाल फार जुनी. त्याची कारणे दोन.

पहिले कारण भीतीचे. पूर्वी मुले फार दगावत. देवी, पटकी, घटसर्प असे रोग येत आणि पाळणे रिकामे करून जात. मग आईबापांना वाटे, चांगल्या नावाला दृष्ट लागते. मुलाला दगड म्हणावे, केर म्हणावे, म्हणजे यम त्याच्याकडे पाहणार नाही. त्यातून दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू अशी नावे आली. या नावांत तिरस्कार नव्हता. माया होती, आणि मायेच्या पोटी भीती होती. आज आपल्याला ठाऊक आहे की वाईट नावाने मूल वाचत नाही. ते वेळेवर लस टोचल्याने, स्वच्छ पाण्याने आणि आईच्या दुधाने वाचते. भीती गेली, तर ते नावही जायला हवे.

दुसरे कारण मात्र मायेचे नव्हे. मुलगा हवा असताना मुलगी झाली, की तिचे नाव नकुशा ठेवायचे. देवाला निरोप पोचेल आणि पुढच्या खेपेला मुलगा होईल, अशी समजूत. बिचाऱ्या पोरीने शाळेत, बाजारात, लग्नात हा निरोप गळ्यात बांधून हिंडायचे! २०११ सालच्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या. जे मनात असते तेच नावात उतरते, आणि तेच शेवटी आकड्यांत दिसते.

याच सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी एक चांगली गोष्ट घडली. नकुशा, नकोशी अशी नावे असलेल्या २८५ मुलींना साताऱ्यात बोलावले गेले. समारंभ झाला आणि सर्वांना नवी नावे मिळाली. काहींनी देवीची नावे घेतली, काहींनी सिनेमातल्या नट्यांची, तर काहींनी आपली साधीसुधी, गोड अर्थाची. प्रत्येकीला नव्या नावाचे प्रमाणपत्र दिले. पण आमच्या आक्का तेव्हा छत्तीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या आई. तो समारंभ मुलींचा होता. आक्का शेतात खुरपत होत्या.

सिंधुताई सपकाळांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १९४८ साली वर्धा जिल्ह्यात झाला. मुलगी नको होती, म्हणून घरात त्यांना 'चिंधी' म्हणत. चिंधी म्हणजे फाटक्या कापडाचा तुकडा. याच चिंधीने पुढे शेकडो अनाथ मुलांना मायेने पोसले. सगळे त्यांना 'माई' म्हणू लागले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ साली त्या वारल्या, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला.

३. नावात काय आहे?

हे सारे वर्गात सांगत होतो, तेव्हा पुढे बसलेले एक आबा म्हणाले, "गुरुजी, म्हंजे नावानं काय अडत न्हाई. चिंधीची माई झालीच की!"

आबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. धोंडो केशव कर्व्यांचे नाव धोंडो. पण त्यांनी विधवांना शिकवले आणि १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. शंभरी गाठली त्या १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. आज 'धोंडो' म्हटले की दगड आठवत नाही, महर्षी आठवतात. आपल्या फलटणच्या बेबीताई कांबळे घ्या. नाव बेबी, म्हणजे तान्हे मूल. पण त्यांनी 'जिणं आमुचं' हे पुस्तक लिहिले, आणि दलित स्त्रियांचे जिणे साऱ्या जगाला वाचायला मिळाले.

तेव्हा चांगल्या नावाने कोणी थोर होत नाही, आणि वाईट नावाने कोणी अडूनही राहत नाही. हे अर्धे खरे. उरलेले अर्धे असे. चढ चढायचाच आहे, तर पोराच्या पाठीवर दगडाचे गाठोडे देऊन कशाला चढवायचे? कर्वे चढले, सिंधुताई चढल्या. पण जे चढू शकले नाहीत, त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत. आमच्या आक्का तर साध्या सहीशीच अडल्या होत्या.

४. लहान होणारे आणि मोठे होणारे नाव

आता चांगले नाव कसे ओळखावे ते पाहू. आपली मराठी भाषा यात फार सोयीची आहे. एकच नाव ती लहान करते आणि मोठेही करते.

जिजाऊ आईसाहेबांच्या मांडीवर शिवबा होते. तेच पुढे छत्रपती शिवाजी महाराज झाले. तुकाराम महाराज अभंगात स्वतःला नुसते 'तुका' म्हणवतात. आपण त्यांना 'तुकोबा' म्हणतो. साऊची सावित्री होते आणि सावित्रीची सावित्रीबाई. नाव एकच. लाडात आखूड होते आणि मानात लांब होते. आईने वेलीला मांडव घालावा तसे ते नाव माणसाबरोबर वाढते.

लोकमान्य टिळकांची गोष्ट तर फारच मजेची. त्यांचा जन्म १८५६ सालचा. घरच्यांनी नाव ठेवले केशव. पण घरात सगळे 'बाळ' म्हणत. ते बाळच इतके रुळले की केशव मागे पडला. जगाने ओळखले ते बाळ गंगाधर टिळक यांना. मोठेपणी लोक त्यांना मानाने 'बळवंतराव' म्हणत. पाळण्यातल्या हाकेला असे मानाचे रूप मिळाले, म्हणून ते नाव निभावले.

बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. आज ती शाळा छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिथल्या रजिस्टरात नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. लहानपणचा भिवा पुढे भीमराव झाला, डॉक्टर झाला, आणि लोकांचा बाबासाहेब झाला. २०१७ सालापासून ७ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या गावांत एक खोटी रीत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. गावच्या बड्या माणसाला 'राव' आणि 'पंत' लावायचे. गरिबाला आणि खालचा मानलेल्याला मात्र पन्नाशीतही 'गण्या', 'सख्या', 'भिव्या' म्हणून हाक मारायची. नाव चांगले ठेवून काय उपयोग, जर चारचौघांत त्याचे असे तुकडे केले? लाडाची हाक आईने मारावी, मित्राने मारावी. परक्याने मोठ्या माणसाला तशी हाक मारणे म्हणजे त्याचा अपमान होय. नाव ठेवणे घरच्यांच्या हाती, पण त्याचा मान राखणे सगळ्या गावाच्या हाती. आमच्या वर्गात म्हणूनच 'गणपतराव', 'सखाराम भाऊ' अशी हजेरी होते. पहिल्या दिवशी एक जण दचकून मागे वळून पाहू लागले. त्यांना वाटले, कोणी पाहुणा आला की काय!

५. नाव पाच ठिकाणी हाकारून पाहा

बैल घेताना आपण त्याला चालवून पाहतो. मडके घेताना वाजवून पाहतो. तसे नावही पारखून घ्यावे. दोनतीन नावे मनात धरावी, आणि प्रत्येक नाव पाच ठिकाणी हाक मारून पाहावे.

पहिली हाक पाळण्यात. नाव आजीच्या तोंडी बसते का? आजीलाच नातवाचे नाव म्हणता येत नसेल, तर ते नाव कोणासाठी?

दुसरी हाक अंगणात. दिवेलागणीला आई दारातून हाक मारते. नाव लांबवर ऐकू गेले पाहिजे. पोरे त्या नावाला कसले यमक जोडून चिडवतील, तेही आधीच मनाशी पाहावे. पोरांना यमके आपल्याआधी सुचतात!

तिसरी हाक शाळेच्या हजेरीत. पूर्ण नाव म्हणून पाहावे. आपल्या राज्यात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, आणि शेवटी आडनाव लिहायचे असते. आईच्या कष्टाला कागदावर जागा मिळाली, हे फार चांगले झाले. तेव्हा चारही शब्द एका दमात म्हणून पाहा. अर्जातल्या चौकटीत ते मावले पाहिजेत.

चौथी हाक कचेरीत. डोळे मिटून मनाशी म्हणा, "डॉक्टर अमुक आल्या आहेत", "सरपंच अमुक बोलतील", "फौजदार अमुक साहेब". छकुली, पिंकी, छोटू, बाळू ही नावे घरात साखरेसारखी गोड लागतात. पण 'सरपंच छकुली' म्हणताना सभा हसणार नाही का?

पाचवी हाक म्हातारपणी. त्या नावाला आजी किंवा आजोबा, बाई किंवा राव जोडून पाहा. आज जे नाव फार नवे वाटते, ते साठ वर्षांनी कसे वाटेल? पिक्चरमधले नाव पिक्चरबरोबर शिळे होते.

याच्या उलट चूकही होते. काही जण तान्ह्या मुलाला इतके भारी नाव ठेवतात की ते त्याच्या अंगावर मोठ्या माणसाच्या कोटासारखे लोंबते. चार वर्षे त्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही. जड नाव ठेवायचेच असेल, तर त्याचे सोपे घरगुती रूप आधीच ठरवावे. नाहीतर लोक आपल्या मनाने तोडमोड करतात, आणि तीच चिकटते.

कोणी बाराव्या दिवशी बारसे करतात, कोणी सातव्या दिवशी अकीका करतात, कोणी चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा देतात. कोणी पत्रिकेतले अक्षर पाहतात, कोणी आजोबांचे नाव पुढे चालवतात. ज्याची त्याची रीत त्याने खुशाल पाळावी. या पाच हाका कोणत्याच रीतीच्या आड येत नाहीत.

६. कागदावरचे नाव

आता कामाची माहिती. ही नीट वाचा, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत त्याची नोंद झाली पाहिजे. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना कळवतो. घरी झाला तर घरच्यांनी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत कळवायचे असते.

नोंदीच्या वेळी नाव ठरलेले नसले तरी चालते. नोंद झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत नाव मोफत लिहून मिळते. त्यानंतर शुल्क भरावे लागते. ही मुदत पंधरा वर्षांपर्यंत असते. म्हणून घाईने दवाखान्यातच 'बेबी' किंवा 'बाळ' असे काहीतरी सांगून येऊ नका. बारसे होऊ द्या. घरात नाव पक्के होऊ द्या. मग जाऊन लिहा. पण वर्ष उलटू देऊ नका.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माच्या दाखल्याला फार महत्त्व आले आहे. शाळेचा प्रवेश, आधार कार्ड, मतदार यादी, वाहन चालवण्याचा परवाना, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी, पासपोर्ट या सगळ्यांना जन्माचा पुरावा म्हणून तोच दाखला चालतो. पूर्वी आमच्यासारखा मास्तर शाळेत जे लिही, ते पुढे चाले. आता पहिल्या कागदावर जे नाव, तेच जन्मभर.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक. लाडाचे नाव घरात ठेवा, कागदावर चांगले नाव लिहा.

दोन. ऱ्हस्व, दीर्घ आणि काना, मात्रा पाहून घ्या. इंग्रजी अक्षरांतले नावही पाहा. दीपक हे नाव एक जण 'आय' घालून लिहितो, दुसरा दोन 'ई' घालतो. आपल्याला ते एकच वाटते. बँकेच्या यंत्राला ती दोन माणसे वाटतात.

तीन. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे आहे. पण तसा कायदा नाही. नाव बदलले की शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, बँकेत तिसरे, असे होते. मग ऐन गरजेला पैसे अडकतात. सुनेचे नाव तिच्या आईबापांनी हौसेने ठेवलेले असते. ते तिला राहू द्या.

आणि ज्यांना लहानपणी वाईट नाव मिळाले, त्यांनी काय करावे? त्यांनाही वाट आहे. सज्ञान माणसाला नाव बदलता येते. अर्ज करून शासनाच्या राजपत्रात नव्या नावाची जाहिरात छापून घ्यायची. ती दाखवली की आधार, बँक वगैरे कागदांवर नाव बदलून मिळते. खटपट आहे, पण होते. वयाची आडकाठी नाही.

७. आक्कांच्या घरचे बारसे

दुसऱ्या दिवशी मी आक्कांच्या घरी गेलो. लेक खाटेवर बसली होती. तिने फोनवर नावांची यादीच काढली होती. म्हणाली, "गुरुजी, मला मृण्मयी आवडतं."

"अर्थ छान आहे," मी म्हणालो. "मातीची, मातीतून आलेली. आक्का, तुम्ही म्हणून पाहा."

आक्कांनी प्रयत्न केला. "मुरमई... मुरमुरी..." लेकीला हसू आवरेना. ती म्हणाली, "राहू दे आई. तुला रोज मुरमुरे खायला लागतील!"

मग 'परी' निघाले. पाळण्यात उत्तम, पण साठाव्या वर्षी कसे वाटेल, यावर मायलेकींचे एकमत होईना. मी 'सावित्री' सुचवले. सावित्रीबाई फुले आपल्या जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यात नायगावला १८३१ साली जन्मलेल्या. लेक म्हणाली, "नाव मोठं आहे गुरुजी, पण माझ्या नणंदेच्या मुलीचं तेच आहे." बरोबर. एका घरात एकाच नावाच्या दोघी म्हणजे रोजचा घोटाळा.

शेवटी लेकच म्हणाली, "सई कसं?"

सई म्हणजे मैत्रीण. फलटणच्या निंबाळकरांच्या घरातल्या सईबाई या शिवाजी महाराजांच्या राणी आणि संभाजीराजांच्या आई. आम्ही पाच हाका मारून पाहिल्या. पाळण्यात सई. अंगणात सयू. शाळेत सई. कचेरीत सईताई. म्हातारपणी सईबाई. सगळीकडे बसले. एकच खोट निघाली. इंग्रजी अक्षरांत 'सई' आणि 'साई' बहुधा एकसारखेच लिहितात. मी म्हणालो, "पहिल्याच दाखल्यावर इंग्रजीत कसे लिहायचे ते ठरवा, आणि मग सगळीकडे तसेच लिहा." अगदी निर्दोष नाव कुठे नसते. खोट कुठे आहे ते आधी कळले, म्हणजे पुष्कळ झाले.

बाराव्या दिवशी बारसे झाले. आत्याने कानात नाव सांगितले. पोरांनी 'कुर्र' करून तिच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या. आक्कांनी कोपऱ्यातली पाटी घेतली, आणि सगळ्यांसमोर 'सई' लिहून दाखवले. दोनच अक्षरे, पण हात थरथरला नाही.

मी म्हणालो, "आक्का, नातीचे नाव झाले. आता आजीचे?"

आक्का पाटी पुसत म्हणाल्या, "आई मला चोरून किस्ना म्हणायची, गुरुजी. नदीचं नाव. म्हातारी भांडायची तिच्याशी. म्हणायची, नकुशीला कशाला एवढं चांगलं नाव! आई गेली तवापास्नं त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई."

"मग तेच लिहू," मी म्हणालो. "कृष्णा. फक्त एक सांगतो. कृ आणि ष्णा, दोन्ही अक्षरे अवघड आहेत. सहीला वेळ लागेल."

"लागू द्या," आक्का म्हणाल्या. "माझं हाय ना ते."

राजपत्राचा अर्ज आम्ही दोघांनी बसून भरला. अर्जावर जुन्या नावाची सही लागते. ती त्यांनी त्या दिवशी शिकली, आणि न कुरकुरता केली. नव्या नावाची सही वहीत रोज एक पान लिहितात. पहिल्या पानावर 'ष्णा' मोडका आहे. विसाव्या पानावर सरळ झाला आहे.

माझ्या हातून एकदा चुकीचे नाव लिहिले गेले. बरोबर नाव मात्र त्या स्वतःच्या हाताने लिहीत आहेत. मास्तराला याहून अधिक काय हवे?

तुमच्याही घरी पाळणा हलेल. तेव्हा नाव ठेवण्याआधी दोन मिनिटे थांबा. बाळाकडे पाहा, आणि ते मोठे झाल्यावर ज्या सह्या करील, त्याही डोळ्यांपुढे आणा.

शब्दांचे अर्थ

दाखल-खारीज रजिस्टर : शाळेत मूल आल्याची आणि गेल्याची नोंदवही
शुल्क : सरकारात भरायचे पैसे
राजपत्र : सरकारी जाहिराती व हुकूम छापून येतात ते पत्रक
सज्ञान : अठरा वर्षे पूर्ण झालेला माणूस
खोट : दोष, उणेपणा

प्रश्न

१. आक्का सही का शिकत नव्हत्या?
२. मुलाचे नाव वाईट ठेवण्याची दोन कारणे कोणती होती? त्यांत काय फरक आहे?
३. जन्माची नोंद किती दिवसांत करावी? नाव किती महिन्यांपर्यंत मोफत लिहिता येते?
४. आबांचे म्हणणे अर्धेच खरे का? तुम्हाला काय वाटते ते सांगा.

करून पाहा

१. तुमचे पूर्ण नाव आईच्या नावासह वहीत लिहा.
२. घरातले रेशन कार्ड, आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक पुढ्यात घ्या. तिन्हींवर तुमचे नाव सारखेच आहे का, ते अक्षर अक्षर लावून पाहा. फरक दिसला तर वर्गात सांगा.
३. तुमच्या गल्लीत एखाद्या मोठ्या माणसाला अजून तोडक्या नावाने हाक मारतात का? उद्यापासून तुम्ही त्यांना पूर्ण नावाने हाक मारा.